'उच्च-वस्तुमान क्ष-किरण जोडतारा' : वस्तुमान नेमके कोणाचे?

प्रश्न : 'उच्च-वस्तुमान' आणि 'अल्प-वस्तुमान क्ष-किरण जोडतारा' या संज्ञांमधील वस्तुमान कोणाचे समजावे? कृष्णविवर असलेली जोडी 'उच्च' आणि न्यूट्रॉन तारा असलेली 'अल्प', असा माझा समज आहे.

उत्तर : आपला समज स्वाभाविक आहे, परंतु बरोबर नाही, आणि त्याचा दोष मी या संज्ञांच्या रचनेलाच देईन. अशा जोडीत एक घटक न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याचा स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा) किंवा कृष्णविवर असतो. दुसरा साधा तारा असून त्याचे द्रव्य पहिल्याकडे ओढले जाते आणि पडताना लक्षावधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण बाहेर टाकते. संज्ञेतील वस्तुमान या दुसऱ्या, द्रव्य देणाऱ्या ताऱ्याचे आहे. हंस तारकासमूहातील व्ही ४०४ मध्ये सूर्याच्या सुमारे ९ पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, तरीही त्याचा सोबती सूर्याहून हलका असल्यामुळे ती जोडी 'अल्प' ठरते. याउलट नरतुरंग तारकासमूहातील क्ष-३ या जोडीत न्यूट्रॉन तारा आणि सूर्याच्या सुमारे २० पट जड तारा २.१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, म्हणून ती 'उच्च' होय.

हा भेद शाब्दिक नाही. जड तारा काही दशलक्ष वर्षांतच संपतो, त्यामुळे 'उच्च' जोड्या दीर्घिकेत जिथे नुकतीच तारानिर्मिती झाली आहे तिथेच, सर्पिल फाट्यांवर, आढळतात. हलका सोबती मात्र अब्जावधी वर्षे टिकतो, म्हणून 'अल्प' जोड्या जुन्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांतही दिसतात. गोलाकार तारकागुच्छांत, म्हणजे जुन्या ताऱ्यांच्या दाट गोलाकार समूहांत, तर त्या ताऱ्यांच्या संख्येच्या मानाने फारच अधिक आहेत, कारण तिथल्या दाटीत न्यूट्रॉन ताऱ्याला जन्माचा जोडीदार नसला तरी परका तारा पकडता येतो.

म्हणून 'जड सोबत्याचा क्ष-किरण जोडतारा' आणि 'हलक्या सोबत्याचा क्ष-किरण जोडतारा' असे लिहावे, असे मी आग्रहाने सुचवतो. शब्द एकाने वाढतो, पण वस्तुमान कोणाचे हे विचारावे लागत नाही. 'युग्मतारा' आणि 'जोडतारा' हे दोन्ही शब्द रूढ आहेत; मात्र आकाशात केवळ एका रेषेत आल्यामुळे जवळ भासणाऱ्या ताऱ्यांनाही 'जोडतारा' म्हटले जाते, तेव्हा काटेकोर लेखनात 'युग्मतारा' अधिक सुरक्षित, हे मान्य करून मी वरच्या सूचनेतही तोच शब्द घालायला तयार आहे.

प्रश्नकर्ता : मग 'जड सोबत्याचा क्ष-किरण युग्मतारा' असेच लिहीन.