फायब्रॉइडच्या त्रासासाठी सप्लिमेंट्स घ्यावीत का?

निशिगंध:

नमस्कार. माझे वय ४३ आहे. गेल्या दीड वर्षापासून पाळीत अंगावरून फार जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पॅड बदलावे लागते, मोठ्या गुठळ्या पडतात आणि रात्री किमान दोनदा उठावे लागते. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन फायब्रॉइड, म्हणजे स्नायूंच्या गाठी, दिसल्या असून त्यांतला सर्वांत मोठा ५ सेंटीमीटरचा आहे. हिमोग्लोबिन ९.६ आले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. गर्भाशय काढण्याचा विषय त्यांनी काढलेला नाही, पण ती धास्ती माझ्या मनातून जात नाही.

त्या धास्तीपोटीच मी वाचत गेले आणि एकेक बाटली घरात येत गेली. ड जीवनसत्त्व, ग्रीन टीचा अर्क, कर्क्युमिन (हळदीतला घटक), मॅग्नेशियम, ओमेगा-३, केसांसाठी बायोटिन आणि 'हार्मोन संतुलन' असे लिहिलेले एक मिश्रण, अशा रोज अकरा गोळ्या होतात. लोहाने पोट बिघडते म्हणून त्या गोळ्या मी तीन आठवड्यांतच सोडल्या, हेही प्रांजळपणे सांगते. यांपैकी कशाने गाठी खरोखर लहान होतात का, आणि कशापासून अपाय होऊ शकतो, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया लिहावे.

पारिजात:

निशिगंध, तुमचे लिहिणे वाचून मला माझे दिवस आठवले. शस्त्रक्रियेच्या भीतीने मीही जवळपास वर्षभर ड जीवनसत्त्व, ग्रीन टीचा अर्क आणि लोह असे तिन्ही घेत होते. तिसऱ्या महिन्यात जिना चढताना लागणारा दम थांबला, चेहऱ्यावर रंग आला आणि गाठी विरत चालल्या आहेत अशी माझी पक्की समजूत झाली. त्या समजुतीपायी मी पुढची सोनोग्राफी लांबवत राहिले. अखेर केली तेव्हा दोन गाठी होत्या तेवढ्याच होत्या आणि तिसरी थोडी वाढलेली होती. दम थांबला होता तो लोहामुळे. रक्त पूर्वीइतकेच जात होते, फक्त ते सोसण्याची ताकद शरीराला आली होती.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. कोणत्या दिवशी किती पॅड लागले, ते किती भिजले होते, गुठळी केवढी होती, रात्री किती वेळा उठले, हे मी तीन पाळ्या लिहून ठेवले. ती वही पाहून डॉक्टरांनी पुढची तपासणी केली, तेव्हा माझी सर्वांत लहान, जेमतेम दीड सेंटीमीटरची गाठ गर्भाशयाच्या पोकळीत डोकावत असल्याचे आणि रक्तस्राव मुख्यतः तिच्यामुळे होत असल्याचे कळले. ती पोटावर छेद न घेता दुर्बिणीने काढली. मोठ्या दोन्ही गाठी आजही आहेत आणि त्यांचा मला काही त्रास नाही. म्हणून तुमची गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे आहे, हे आधी विचारा.

औषधजाणकार:

मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. निशिगंध, लोहाने गाठ लहान होत नाही हे खरे, पण तुमच्याकडच्या सगळ्या गोळ्यांत तुम्हाला आज सर्वांत जास्त गरज होती ती लोहाची, आणि नेमकी तीच सुटली. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की तो रक्तक्षय मानतात, ९.६ हा मध्यम रक्तक्षय आहे. लोहाची मात्रा घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि पुढचे साधारण २४ तास ते आतड्यातून लोह शोषले जाऊ देत नाही. त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि बऱ्याच जणींना पोटाचा त्रासही कमी होतो. तुम्हाला असे चालेल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. तरीही झेपले नाही तर शिरेतून लोह देता येते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या आणि हिमोग्लोबिन सुधारताच गोळ्या थांबवू नका, कारण रिकामा झालेला साठा भरायला त्यापुढेही काही महिने जातात.

ड जीवनसत्त्वाबद्दल आशा वाटण्याला थोडा आधार आहे. ज्या स्त्रियांमध्ये त्याची पातळी कमी असते त्यांच्यात फायब्रॉइडचे प्रमाण जास्त आढळते, आणि प्रयोगशाळेत या जीवनसत्त्वामुळे गाठीच्या पेशींची वाढ मंदावते. स्त्रियांवर झालेले प्रयोग मात्र लहान आहेत. रक्तातली पातळी मोजा, ती मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता भरून काढा. सल्ल्याशिवाय दिवसाला ४००० युनिटपेक्षा जास्त घेऊ नये. अतिरेक झाला तर रक्तातले कॅल्शियम वाढते.

ग्रीन टीच्या अर्काचे दाखले ज्या प्रयोगावरून दिले जातात, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३३ स्त्रियांनी चार महिने पूर्ण केले, आणि रोज ८०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांच्या गाठींचे आकारमान सरासरी सुमारे ३२ टक्क्यांनी घटले. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तो घनफळाचा आहे. ५ सेंटीमीटरची गोल गाठ ४.४ सेंटीमीटर झाली की घनफळ तेवढे घटते. दुसरी बाजू यकृताची आहे. या अर्कातील इजीसीजी हा घटक सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेला तर यकृताच्या तपासणीतील आकडे वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले आहे. घ्यायचाच असेल तर यकृताची तपासणी करून, डॉक्टरांना सांगून घ्या, आणि लोहाबरोबर मुळीच नको, कारण तो लोहाचे शोषण अडवतो.

कर्क्युमिनचे या आजारातले काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. ज्या मिश्रणावर प्रत्येक घटकाचे प्रमाण वेगळे लिहिलेले नाही, ते मी कोणालाही देणार नाही. आणि धास्तीबद्दल एवढेच सांगते, की गर्भाशय काढण्याच्या अलीकडे बरेच पर्याय आहेत: रक्तस्राव कमी करण्यासाठी पाळीच्या दिवसांत घ्यायचे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणे, किंवा फक्त गाठ काढणे.

मोगरा:

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. माझे वय ४९. मी पाच महिने ग्रीन टीचा अर्क घेतला आणि गाठ ४.२ वरून ३.६ सेंटीमीटर झाली. हे मी सोनोग्राफीच्या अहवालावरूनच सांगते आहे. मग उपयोग होत नाही असे कसे म्हणायचे?

औषधजाणकार:

उपयोग झालाच नाही असे मी म्हणणार नाही, पण तो अर्काचाच होता हे एका अहवालावरून ठरवता येत नाही. अमेरिकेत रजोनिवृत्ती न झालेल्या ७२ स्त्रियांच्या गाठी एमआरआयने वेळोवेळी मोजल्या होत्या; ते निष्कर्ष २००८ मध्ये आले. सहा महिन्यांच्या हिशेबाने काही गाठी दुपटीहून अधिक वाढल्या, तर काही आपोआप ८९ टक्क्यांपर्यंत आक्रसल्या. एकाच स्त्रीच्या दोन गाठीही वेगवेगळ्या वागत होत्या. शिवाय तुमच्या वयात संप्रेरके उतरणीला लागलेली असतात, आणि रजोनिवृत्तीनंतर या गाठी बहुधा लहान होतात. तुम्हाला बरे वाटते आहे याचा आनंदच आहे; यकृताची तपासणी मात्र करून घ्या.

निशिगंध:

सर्वांचे मनापासून आभार. वही आजपासून सुरू केली आहे. एक गोष्ट सांगायची राहिली, ती महत्त्वाची आहे का हे माहीत नाही. मला थायरॉइडची गोळीही आहे. लोह घेत होते तेव्हा ती आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या मी सकाळी एकदमच घेत असे, म्हणजे विसरायला नको.

औषधजाणकार:

फार महत्त्वाची आहे. लोह थायरॉक्सिनला, म्हणजे तुमच्या थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, आतड्यातच बांधून ठेवते, मॅग्नेशियमही त्यात अडथळा आणू शकते. थायरॉक्सिन सकाळी रिकाम्या पोटी एकटेच घ्या आणि लोह त्यानंतर किमान चार तासांनी. थायरॉइड कमी पडले तर त्यामुळेही पाळीत रक्तस्राव वाढतो, तेव्हा तुमच्या बाबतीत गाठींच्या जोडीला हेही कारण असू शकेल. टीएसएच ही रक्तचाचणी करून घ्या (थायरॉइड कमी पडले की हा आकडा वाढतो), पण त्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. काही पद्धतींच्या चाचण्यांत बायोटिनमुळे टीएसएच खोटे कमी दिसते, म्हणजे वाढलेले असूनही ते ठीक असल्याचे वाटू शकते. अकराही गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा. तोवर पॅड तासाभरात पूर्ण भिजू लागले आणि असे सलग दोन-तीन तास होत राहिले, चक्कर आली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.