मदत हवी आहे : रत्नागिरीत राहून रोबोटिक्समध्ये अर्धवेळ पीएचडी

नमस्कार मंडळी. एम.ई. मेकॅट्रॉनिक्स, ६८ टक्के. रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात शिकवतो. नोकरी सोडून पूर्णवेळ पीएचडी शक्य नाही, हे आधीच सांगतो.

विषय पक्का आहे: हापूस देठासकट उतरवणारा रोबोटिक हात. देठ बुडाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, काळा डाग पडतो आणि आंब्याचा भाव उतरतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) चांगलाच आहे, पण उंच कलमावर गडी चढवावाच लागतो, आणि गडी मिळत नाहीत. गेल्या हंगामात बागेत दोनेक हजार फोटो काढून योलो हे फोटोतल्या वस्तू ओळखणारं एआय मॉडेल शिकवलं. फळ बरोबर ओळखतं; पानाआडचा देठ मात्र सापडत नाही. रोबोटिक हात अजून संगणकावरच, गॅझेबो या सॉफ्टवेअरमधल्या सिम्युलेशनमध्ये चालतोय.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे, कॉलेजचं ना-हरकत पत्रही मिळेल. मुंबई-पुण्यातल्या सहा प्राध्यापकांना लिहिलं. दोघांचीच उत्तरं आली. एकांकडे जागा नाही. दुसरे म्हणाले, हा शेतीचा विषय, कृषीकडे विचारा. पण माझी पदवी अभियांत्रिकीची आणि कामाचा गाभाही रोबोटिक्सच.

मुख्य मार्गदर्शक अभियांत्रिकीचे आणि सहमार्गदर्शक कृषी विद्यापीठातले, अशी नोंदणी तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्ष केली आहे का? आणि १२ क्रेडिटच्या कोर्सवर्कसाठी सलग किती दिवस हजर राहावं लागलं?