बाबा पाणबुडीत होते पण एक शब्द बोलत नाहीत, काय विचारू?

देवगडी_हापूस
नमस्कार मंडळी. बाबा नेव्हीत इलेक्ट्रिकलला होते, जामनगरला वलसुराला ट्रेनिंग, मग विझागला (विशाखापट्टणम) सातवाहनला पाणबुडीचं शिक्षण आणि नंतर बरीच वर्षं वेला नावाच्या जहाजावर. ९६ ला रिटायर होऊन गावी आले, आता वय ७१. इतक्या वर्षांत आम्हाला सांगितलं काय तर "होतो पाण्याखाली, त्यात काय सांगायचं". शेजारचे आर्मीवाले अण्णा सियाचीनचे किस्से सांगून दमत नाहीत आणि आमच्याकडे हे असं.
डिसेंबरात त्यांना विझागला नेतोय, तिथे बीचवर कुर्सुरा पाणबुडी म्युझियम करून ठेवलीय ना, ती दाखवायला. तिथे तरी बोलते व्हावेत. "आत कसं वाटायचं" हे विचारून झालंय, उत्तर आलं "गरम".
घरात त्यांना नाद म्हणाल तर एकच, दर रविवारी इन्व्हर्टरची बॅटरी. हायड्रोमीटर (ॲसिड किती दाट ते बघायची नळी) घेऊन खाली बसतात, सहाच्या सहा सेलचं रीडिंग वहीत लिहितात, डिस्टिल्ड वॉटर स्वतः आणतात, मला हात लावू देत नाहीत. आई वैतागलीय.

जुना_डॉल्फिन
पहिलं म्हणजे बाबांसमोर जहाज म्हणू नकोस. पाणबुडी म्हणजे बोट. हे एवढं सुधारलंस तरी म्हातारा जरा मान वर करून बघेल.
हायड्रोमीटरचं वाचून हसत बसलो. अरे फॉक्सट्रॉट बोटीत, म्हणजे वेला, कुर्सुरा ज्या रशियन जातीच्या त्यात, असे ४४८ सेल असायचे, दोन नंबर आणि चार नंबर कंपार्टमेंटच्या पोटात, म्हणजे वर माणसं झोपतायत, चारमध्ये गॅलीत भाजी शिजतेय, आणि पायाखाली ॲसिड. पाण्याखाली असताना पंखा, दिवा, मोटर, सगळं त्याच्यावर. तुझ्या बाबांसारखी माणसं रोज तिथे पोटावर सरपटत जाऊन एकेक सेल तपासायची. खिशात किल्ली, नाणं काही ठेवायचं नाही, टर्मिनलवर पडलं तर संपलं. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, चार टक्क्यांच्या वर गेला तर एक ठिणगी पुरे. आणि समुद्राचं पाणी त्या ॲसिडमध्ये शिरलं तर क्लोरीन. अशा माणसाने तुझ्या हातात इन्व्हर्टर का द्यावा सांग.
त्यात चार्जिंग करायचं तर डिझेल चालवायला हवा पाहिजे. मग पेरिस्कोप डेप्थला, म्हणजे फक्त पेरिस्कोप बाहेर निघेल इतकं वर यायचं आणि स्नॉर्टचा मास्ट, हवा ओढायची नळी, वर काढायचा. लाट आली की त्याचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो पण इंजिनं चालूच असतात ना, ती मग बोटीतलीच हवा ओढायला लागतात, कानाला दडे बसतात, लाट गेली की व्हॉल्व्ह उघडतो आणि फट्ट. पावसाळ्यातल्या समुद्रात रात्रभर हेच. मला अजून घाटात गाडी चढली की हात आपोआप नाकाकडे जातो.
कुठे गेला होतात हे विचारू नकोस, सांगणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. कुर्सुरात चार नंबरला थांब, जमिनीकडे बघ आणि विचार, "बाबा, खाली उतरायचं कोण?" बास.

पुण्याचा_पक्या
कुर्सुरा अणुपाणबुडी होती ना?

जुना_डॉल्फिन
नाही रे. डिझेल-इलेक्ट्रिक, ६९ ला आली, ७१ च्या युद्धात अरबी समुद्रात होती, २००१ पर्यंत चालली. तेव्हाची अणुवाली म्हणजे चक्र, ८८ ते ९१, ती सोव्हिएत रशियाकडून भाड्याने.

दाबोळी_हँगर
आम्ही समोरच्या पार्टीतले 😄 गोव्यात आयएल-३८ या पाणबुड्या शोधणाऱ्या विमानावर ग्राउंड क्रू. डॉल्फिनकाका, तुमचा तो मास्ट रडारवर शोधायचा म्हणजे काय वैताग असायचा माहितीय का, एवढासा ठिपका, आणि आजूबाजूला मच्छीमारांच्या होड्या तशाच दिसणार. मग सोनोबॉय टाकायचे, खाली पाण्यात माइक आणि वर रेडिओ असं ते प्रकरण, आणि हेडफोन लावून बसायचं. आमचे एक ऑपरेटर सांगायचे, किनाऱ्याजवळ पाणबुडी राहिली बाजूला, आधी कोळंबीच ऐकू येते, कढईत मोहरी तडतडावी तशी.
आम्ही मात्र जमिनीवरच. विमान समुद्रावर कमी उंचीवरून उडून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर मीठ सगळं खातं. आणि टूल मोजायचे. काम सुरू करताना मोजायचे, संपल्यावर मोजायचे, एक कमी भरला तर विमान जागचं हलणार नाही. एकदा दहा नंबरचा पाना कमी. चारही इंजिनांची कव्हरं परत उघडली, टॉर्च घेऊन सगळे खाली वर, रात्रीचे दोन वाजले, आणि सापडला कुठे तर माझ्याच डांगरीच्या फाटक्या खिशातून आत अस्तरात गेलेला. पुढे महिनाभर कोणी मला नावाने हाक मारली नाही, "ए दहा नंबर" एवढंच. आज घरी नळ दुरुस्त करायला प्लंबर आला तरी जाताना त्याचे पाने मी मोजतो, त्याला वाटतं चोरीचा संशय घेतोय.
ऑक्टोबर २०२३ ला आयएल-३८ रिटायर झालं, ४६ वर्षं चाललं. टीव्हीवर बघितलं. बायकोला म्हटलं ते बघ, ती म्हणाली हो का.
हापूसभाऊ, विझागला कुर्सुराच्या समोर रस्ता ओलांडला की टीयू-१४२ विमान पण ठेवलंय, तेही पाणबुड्या शोधणारंच, एकेका इंजिनाला दोन-दोन पंखे उलटसुलट फिरणारे. आमच्यातर्फे तेवढं बघून या.

कुलाब्याची_काकू
माझे मिस्टर पण बोटीवर होते. यांच्या गप्पा राहू दे, वासाचं कोणी लिहिलंच नाही. आत आंघोळ नाही, कपडे वापरून फेकायचे, आणि डिझेलचा वास कातडीत. आले की बॅग दाराबाहेर, माणूस थेट बाथरूममध्ये, मग चहा. धाकटी दोन वर्षांची होती, जवळ जायचीच नाही, म्हणायची "पंपवाले काका आले". त्यांना लागायचं ते. आईलाही विचार रे कधीतरी.

देवगडी_हापूस
मंडळी, विझागपर्यंत थांबवेना. काल रविवारच होता, बाबा हायड्रोमीटर घेऊन बसले तेव्हा शेजारी जाऊन बसलो आणि डॉल्फिनकाकांची पोस्ट मोठ्याने वाचली. मध्येच थांबवलं मला. म्हणाले, "रोज एकेक सेल कोण तपासतो? पायलट सेल ठरलेले असतात, रोजचं रीडिंग त्यांचं. सगळ्यांचं घ्यायला बसलो तर बाकीची कामं कोण करणार? हा डिझेलवाला दिसतोय. विचार त्याला, पाच नंबरला, इंजिनांच्या कंपार्टमेंटला होता का." मग रीडिंग अर्धवट टाकून पाच नंबरवाल्यांना किती शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. आई स्वयंपाकघरातून बघायला आली काय झालं म्हणून.
काका, खरंच पाच नंबर का? कोणती बोट ते पण विचारतायत.

जुना_डॉल्फिन
पाचच 😂 वागली, ८८ ते ९३. चीफना, म्हणजे तुझ्या बाबांना, माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, आम्ही तिकडे इंजिनाच्या उकाड्यात शिजत असायचो आणि तुमचं आपलं "अजून अर्धा तास, अजून अर्धा तास". बॅटरी कधी भरलीच नाही तुमची. मेसेजमध्ये नंबर पाठवलाय, संध्याकाळी सातनंतर फोन करायला सांग.