व्यवस्थापकाचा शेरा म्हणजे समीक्षा नव्हे

वॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, विनोद, कसरती अशा सुट्या प्रयोगांच्या करमणुकीच्या खेळांच्या, व्यवस्थापकांचे अहवाल म्हणजे कलासमीक्षाच होय, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कीथ साखळीतील अमेरिकन नाट्यगृहांचे व्यवस्थापक सोमवारचा पहिला खेळ पाहून जे शेरे मुख्य कार्यालयाकडे धाडत, त्यांत प्रयोग किती मिनिटांचा, तो पडद्यापुढे होतो की संपूर्ण रंगमंच अडवतो, टाळ्या किती पडल्या आणि कलाकाराला मोजलेले पैसे वसूल झाले का, याचाच हिशेब अधिक असे. पडद्यापुढचा गायक वा विनोदवीर त्यांना विशेष सोयीचा वाटे, कारण तेवढ्या वेळात मागे कसरतपटूंचे सामान मांडून होई. अचकटविचकट विनोद लगेच कापायला लावत, ते ठीकच; परंतु एकाच खेळावरून मारलेला शेरा पुढची कामे देताना विचारात घेतला जाई, हे मला अन्यायाचेच वाटते.