नर्सिंग शिकतानाची झोप: तुमचे अनुभव लिहा

वऱ्हाडी सिस्टर
परवा भाचीचा रात्री दोनला फोन. जीएनएम, म्हणजे नर्सिंग डिप्लोमा, पहिलं वर्ष, हॉस्टेलवर राहते. "मावशी, डोळे मिटले की केअर प्लॅनचे रकाने दिसतात." (पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा तक्ता.) तिला धीर दिला, पण माझीच झोप उडाली, आमचे दिवस आठवले. आठला वॉर्डात ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती घ्यायची, दोनला सुटलो की लेक्चर, संध्याकाळी हजेरी, जेवण झालं की जर्नल. दहाला वॉर्डनबाई लाइट बंद करायच्या. मग बाथरूमबाहेरच्या बल्बखाली आम्ही पोरी ओळीनं बसायचो, मांडीवर उशी, उशीवर जर्नल. सगळं इंग्रजीतून, अन् आम्ही बारावीपर्यंत गावच्या मराठी शाळेतल्या! एका 'रॅशनल'साठी, म्हणजे अमुक काम का करायचं त्याचं कारण लिहायला, डिक्शनरी घेऊन बसायचं. वरून ऐकवायचे, "आजकालच्या पोरी झोपाळू आहेत." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. झोपायला वेळच ठेवला नव्हता हो कुणी. तुमचं कसं होतं, लिहा. शिकणाऱ्या पोरींनी तर नक्की लिहा.

मेळघाटची पोर
ताई रडवलं तुम्ही. सेकंड इयरला आहे, आत्ताच इव्हिनिंग करून आली. घरी कोरकू बोलतो, शाळेत मराठी शिकली, इथं सगळं इंग्रजी. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा म्हटलं की रात्रभर पोटात गोळा. त्यात खोलीत सहा जणी, एकीची नाइट, एकीची मॉर्निंग, कोणाचा ना कोणाचा अलार्म वाजतेच. बाकी उद्या लिहिते, जेवण बंद होऊन जाईल.

पांढरा कोट
जेव आधी बाई.

यवतमाळचा ब्रदर
२०१७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. फवारणीच्या विषबाधेचे पेशंट यायला लागले तेव्हा मी थर्ड इयरला, मेडिसिन वॉर्डात. विषावरचं औषध ॲट्रोपिन चालू, थोड्या थोड्या वेळानं नाडी पाहा, डोळ्यांच्या बाहुल्या पाहा, छाती ऐका, चार्टवर लिहा. त्या औषधानं पेशंट बरळतात, सलाइन उपटतात, हात धरून बसावं लागे. एक काका सारखे विचारायचे, "पंप भरला का रे बाळा?" अन् त्याच वेळी माझा बाप गावाकडं पाठीवर पंप घेऊन कपाशीत फिरत होता. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती, फवारा सरळ तोंडावर यायचा. ड्युटी सुटली की पहिला फोन घरी. "बाबा, तोंडाले दुपट्टा बांधला का? साबण लावून आंघोळ केली का?" त्यांनी फोन उचलला नाही की झोप गेलीच समजा. कॉटवर पडून राहायचो, फोन छातीवर. उशिरा का आला हे सगळ्यांनी विचारलं, झोपला का हे एकानंही विचारलं नाही. लोक म्हणतात अभ्यासाचं टेन्शन. आमच्याकडं अर्धं टेन्शन शेतातून येते.

पांढरा कोट
ते काका वाचले का?

यवतमाळचा ब्रदर
वाचले. सुट्टी झाली त्या दिवशी माझ्या पाया पडायला लागले. मी त्यांच्या पडलो.

बीएस्सी फायनल
आमच्या ग्रुपचा रिसर्च प्रोजेक्ट झोपेवरच आहे. पिट्सबर्गची प्रश्नावली, १९८९ ची. मागच्या महिन्यातली झोप विचारतात, गुण ० ते २१, अन् ५ च्या वर गेलं की झोप चांगली नाही असं धरतात. मी स्वतः भरून पाहिली, माझे बरेच वर गेले. त्यात 'फार गरम होतं म्हणून झोपमोड होते का' असाही प्रश्न आहे. मे महिन्यात हा आमच्याकडं कोणाला विचारावा?

चांद्याची सून
मले विचार! नाइट करून चंद्रपूरच्या उन्हात दिवसा झोपायचं. स्लॅब तापलेला, कूलरच्या टाकीत पाणी नाही, तेवढ्यात लाइट जाते. खिडकीले ओली चादर बांधायचो, फरशीवर पाणी मारून चटई टाकायचो. घटकाभर बरं वाटे, मग चादर कोरडी. रात्री पुन्हा ड्युटी.
बीएस्सी फायनल, तू हिंगणघाटची का? बोलणं तिकडलं वाटते.

बीएस्सी फायनल
नाही काकू, पुलगाव.

चांद्याची सून
अरे, माझं माहेर देवळी!

ट्युटर बाई
मी शिकवते अन् ड्युटी लिस्टही लावते, म्हणून बोलते. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट असा पुढे सरकणारा क्रम शरीराला झेपतो, उलटा लावला की जड जातो. पहाटे तीन ते पाच डोळे मिटतात तो आळस नाही, शरीराचं घड्याळच त्या वेळी उतरलेलं असतं. नाइट करून आलेल्या पोरीला सकाळी लेक्चरला बसवणं हा मला अन्याय वाटतो, त्यासाठी मी मीटिंगमध्ये भांडते. झोपमोड झालेली नर्स डोस मोजते, हे तरी लक्षात घ्यावं. पोरींनो, नाइटला मध्यरात्रीनंतर चहा नको. त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

पांढरा कोट
ज्यांना रोज रडू येतं, जेवण जात नाही, त्यांनी एकटं सोसू नका. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, २४ तास चालू, मराठीतून बोलतात.

मेळघाटची पोर
जेवली. ट्युटर मॅडम, आमच्या इथं नाइटनंतर दहाचं लेक्चर असते. कोणाला सांगायचं?

ट्युटर बाई
तोंडी नको, लेखी द्या. प्राचार्यांच्या नावानं, सगळ्या बॅचच्या सह्या घेऊन. मसुदा मी लिहून पाठवते. सीआरला, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीला दे.

मेळघाटची पोर
सीआर मीच आहे मॅडम. पाठवा. उद्या मॉर्निंग आहे, दोननंतर सह्या घेते.