मदत हवी आहे: गलीना ते डेकोरा, आई-बाबांना घेऊन

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यात आई-बाबांना घेऊन गलीना (इलिनॉय) ते डेकोरा (आयोवा) असं गाडीने जायचंय. सरळ गेलं तर अडीच-तीन तासांत पोहोचतो, पण आम्हाला मिसिसिपीच्या काठाकाठाने, दोन दिवस घेऊन जायचंय. हा भाग हिमयुगातल्या हिमनद्यांखाली सपाट झाला नाही, म्हणून इथे डोंगर-दऱ्या टिकल्या. बाबा भूगोलाचे शिक्षक होते, त्यांना हे दाखवायची माझी फार इच्छा आहे.

मनात असा रस्ता आहे: डब्यूकहून आयोवा ३ आणि पुढे यूएस ५२ या महामार्गांनी गुटेनबर्ग, मग एक्स५६ या काउंटीच्या लहान रस्त्याने क्लेटनवरून मॅकग्रेगर. वाटेत पाइक्स पीक स्टेट पार्क, जिथून विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळताना दिसते. (याच नावाचं कोलोरॅडोतलं शिखर वेगळं, बाबांनी आधी तेच समजून स्वेटर बाहेर काढले!) मग एफिजी माउंड्स. मूलनिवासींनी रचलेले अस्वलांच्या, पक्ष्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे तिथे आहेत.

अडचण आईच्या गुडघ्यांची. एफिजी माउंड्सला वर जाणारी पायवाट चांगलीच चढाची आहे असं वाचलं. चढ न चढता काही उंचवटे पाहता येतात का? एक्स५६ वर वळणं किती? आईला गाडी लागते. मुक्काम मॅकग्रेगरला करावा की थेट डेकोराला? आणि पानांचा रंग तेव्हा भरात असतो की गळती सुरू झालेली असते?

दोघंही शाकाहारी आहेत. दशम्या-चटणी बरोबर घेणारच आहोत, पण रात्री काहीतरी गरम मिळावं. कोणी हा रस्ता केला असेल तर नक्की सांगा.