सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली. एअर सस्पेन्शन काढून स्प्रिंगा टाकू का?

मागची_सीट:
दहा वर्षं जुनी लक्झरी सेडान घेतलीय, एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर उभी राहणारी. रात्री लावताना सरळ असते, सकाळी बघावं तर पुढचं डावं चाक कमानीत गेलेलं, मधे बोटही शिरत नाही. सुरू केली की घरघर होते आणि मिनिटभरात वर येते. वर्कशॉपवाले म्हणतात, चारही स्ट्रट (चाकाजवळचे फुगे बसवलेले दांडे) आणि कॉम्प्रेसर (फुग्यांत हवा भरणारा पंप) बदला. एक मित्र म्हणतो, स्प्रिंगा टाकून मोकळा हो. बाबा तर काही न बोलता नुसते गाडीकडे बघतात!

बारा_तेराचा_पाना:
चारही बदलू नका. एकच कोपरा बसतोय, म्हणजे बहुतेक गळतीही तिथेच. गाडी उंच करा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि रबरी फुग्याला जिथे घडी पडते तिथे साबणाचं पाणी फवारा. रबर चिरतं ते त्या घडीतच. बुडबुडे नाही आले तर नळीचा जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (कुठल्या फुग्यात हवा सोडायची ते सांभाळणारा भाग) तपासा. आणि हो, नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, खाली स्टँड लावा.
मी आधी कॉम्प्रेसर बदलला होता. सहा महिन्यांत नवाही जळाला. फुटकी घागर भरत बसल्यासारखा बिचारा सारखा पळत होता. साबणाचं पाणी मला त्यानंतर सुचलं.

जुनं_ते_सोनं:
स्प्रिंगाच टाका. नव्या तंत्राचे पहिले गिऱ्हाईक होऊ नये. मर्सिडीजने 2002 च्या ई-क्लासला इलेक्ट्रॉनिक ब्रेक दिले, 2004 मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि शेवटी 2006 मध्ये त्याच मॉडेलला पुन्हा साधे हायड्रॉलिक ब्रेक आले.

बारा_तेराचा_पाना:
ब्रेकचं कबूल. पण 1978 मध्ये एस-क्लासला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा) आलं तेही नवंच होतं, आज छोट्या गाड्यांनाही असतं. शिवाय ही काही पहिल्या पिढीची भानगड नाही. 1989 ची लेक्सस एलएस 400, जिच्या टिकाऊपणाचे गोडवे सगळे गातात, तिलाही एअर सस्पेन्शनचा पर्याय होता. फुगा रबराचा आहे, टायरसारखा म्हातारा होणारच. स्प्रिंगा टाकल्या तर डॅशबोर्डवरची सूचना घालवायला वेगळी खटपट, आणि मागे माणसं-सामान भरलं की गाडी आपोआप सरळ व्हायची तेही गेलं.

मागची_सीट:
फवारलं. घडीत मोहरीएवढे बुडबुडे, फुटतात आणि परत येतात. डावा स्ट्रट मागवतोय. कॉम्प्रेसर ठेवू?

बारा_तेराचा_पाना:
मिनिटभरात उचलतोय ना, मग ठेवा. रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) मात्र नवा घाला. जुन्याचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद असतानाही कॉम्प्रेसर चालत राहतो. आणि उजवा फुगाही त्याच वयाचा आहे, तिकडेही फवारा मारून बघा.

मागची_सीट:
मारला. तूर्तास कोरडा. बाबा टॉर्च धरून उभे होते.